जाड तार

सात हजारांत घेतली, अक्कलकोट रोडच्या
एका मोडलेल्या बँडवाल्याकडून.
खुंट्या चार, तारा तीन.
सगळ्यात जाड ती पुण्याहून मागवतो म्हणाला.
चार महिने तिच्या जागेवरून
नुसतंच बोट फिरवत होतो.

शिकवणार कोण?
आमच्या पूर्व भागात हलगीवाले गल्लीला दोन,
बँजोवाले त्याहून जास्त.
बेस म्हटलं की विचारतात, कुठलं गाणं वाजवतोस त्यावर?
गाणं नाही वाजवत. गाण्याच्या खालचं वाजवतो.
खालचं म्हणजे?
इथं माझी गाडी बंद पडते.

मोबाईलवर बघितलं :
दोन बोटं आळीपाळीनं चालवायची तारेवर,
माणूस चालतो तशी.
माझं मधलं बोट अकरावीच्या सुट्टीत
मागाच्या पट्ट्यात गेलं, पेरभर.
त्यामुळं माझा माणूस लंगडायचा.
टप्प, मग काहीतरी, मग टप्प.
दीड वर्ष त्याला सरळ चालवायला घातलं.
दीड वर्ष. वाया.

अम्मा समोर बसलेली असायची, मांडीवर सूप.
पान, चिमूटभर तंबाखू, वळली,
दोऱ्याचा वेढा,
आणि अंगठ्यानं तोंड मुडपून आत.
रोज आठशे, सणाच्या आधी हजार.
ती हालचाल मी जन्मल्यापासून बघत आलोय.
त्या दुपारी पहिल्यांदा ऐकली.
क्‌च्‌. एवढंच.
पण प्रत्येक वेळी एकाच अंतरावर.

मी अंगठा तारेवर तसाच ठेवला,
ओढला नाही, मुडपला.
मागून अनामिकेनं तार मिटवली.
आवाज लोंबला नाही. जागच्या जागी बसला,
पाटावर पाहुणा बसावा तसा.
अम्मानं मान वर केली. म्हणाली, नखानं नको रे,
नखाखालच्या मांसानं. नखानं पान फाटतं.
तिनं त्या लाकडाचं नाव
आजतागायत विचारलेलं नाही.

ॲम्प नव्हता. गिटारचं डोकं
लोखंडी कपाटाला टेकवून बसायचो.
कपाट घुमायचं, वरची पितळी परात घुमायची,
जाड तार आल्यावर तर
भिंतीपलीकडचा कोंडय्या ओरडायचा, टॉवेल विणू दे की!
सूर लावायला पेटी नाही, काही नाही.
त्याच्याच मागाच्या मोटारीला लावायचो मी सूर,
सकाळी सातपासून एकच, घूं.
दुपारी पत्रा तापला की तारा उतरायच्या,
घूं तिथंच असायची. परत चढवायच्या.

मग ऑर्केस्ट्रात बोलावलं एकदा, हळदीला, होटगीला.
कीबोर्डवाला मल्लिनाथ बेस डाव्या हातानं उरकतो एरवी,
त्या दिवशी डावा हात प्लास्टरमध्ये.
दोन सूर वाजले आणि त्यानं कान धरला.
अरे, तू चढा आहेस. सगळाच्या सगळा चढा आहेस.
कुठं लावतोस सूर?
मी सांगितलं.
तो हसला नाही. खाली वाकून त्यानं
कसलंसं बटण दाबत दाबत आपला कीबोर्ड
कोंडय्याच्या मोटारीपर्यंत वर आणला.
गायिका रात्रभर वैतागलेली होती.
पाकिटात सहाशे निघाले, ठरले होते आठशे.

आता सूर लावायचं यंत्र आहे माझ्याकडं.
कार्यक्रमाला तेच वापरतो.
घरी नाही.

परवा वीज गेली, रात्री नऊच्या सुमाराला.
सगळी गल्ली एकदम थांबली,
कानात कापूस कोंबावा तशी.
अंधारात मी कपाटाला टेकून
जाड तार मुडपत राहिलो, एकच,
घाई न करता, लंगड्या बोटाला विश्रांती देऊन.
परात लागली घुमायला.

लाईट आली का रे, अम्मानं विचारलं.
नाही.
मग तिचं मोजणं ऐकू आलं, तेलुगूत,
सहाशे चाळीस, एक्केचाळीस,
अंधारातसुद्धा एकाच अंतरावर.
मी माझं अंतर जरा हलवलं, तिच्याकडं.