हात वर

खोव्दच्या शाळेत सहावीच्या बाकांवर
आज मास्तरच बसलेत. गुडघे मावत नाहीत.
दुलामसुरेनबाई फळ्यावर मार्मोट काढतात,
जमतं ते उंदीर आणि पाव यांच्या मधलं काहीतरी.
कुणी हसतं.

त्याच्या पाठीवर खडूचा एक ठिपका.
पिसू. एवढीशी.
एवढीशीनं प्लेग.

“या उन्हाळ्यात मार्मोट कुणी खाल्ला?”

शेगडीत शेण धुमसतं.
कुणी पेनाचं टोपण काढतं, लावतं.

त्या स्वतःचाच हात वर करतात:
“सासऱ्यांनी भाजला होता. नाही म्हणवेना.”

मग मागच्या बाकावरचा ओतगोन,
मग खिडकीजवळच्या दोघी,
मग
मोजायची गरज उरत नाही.

“पोरांच्या आजोबांना गुन्हेगार न ठरवता
हे कसं शिकवायचं,
मलाही अजून येत नाही.
वह्या काढा.”