मानेखालचं तिकीट

चाळीस पौंडांना दिला मिसेस ओल्डरशॉनं.
केस फुकट. केसच्या खिशात
खोकल्याच्या गोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या.
"रेजचा होता," म्हणाली. "वाजवायचा बरा. बोलायचा नाही."
आणि दार लावून घेतलं. ग्रिम्स्बीत जानेवारीत
कुणी दार उघडं ठेवून हळहळत नाही.

बेस गिटार. डोक्यावरचं नाव खरवडलेलं,
म्हणजे कुठल्या तरी मोठ्या नावाची नक्कल.
वजन ओल्या गादीएवढं.
प्लग लावला की घरघर,
फ्रीजनं मनातलं बोलायला घ्यावं तशी.

चार आण्यांची कोंबडी;
मसाल्याला माझ्याकडे तीनच आणे.

म्हणून तारा उकळल्या.
बटाट्यांच्या पातेल्यात, दहा मिनिटं,
झाकणभर व्हिनेगर टाकून.
वर तवंग आला रेजच्या बोटांचा:
तीस वर्षांचा घाम, तंबाखू,
थोडी मासळी, इथं सगळ्यांनाच असते तशी.
ओतून दिला सिंकमध्ये,
आणि नळ उगाच जरा जास्त वेळ सोडून ठेवला.

घरघरीवर इलाज तांब्याच्या पट्टीचा.
वाद्यांच्या दुकानात अठरा पौंड.
बागेच्या दुकानात चार,
गोगलगायी कुंडीवर चढू नयेत म्हणून विकतात.
तांबं तेच. आतली सगळी पोकळी मढवली,
झाकण लावल्यावर कुणाला दिसणार नाही अशी झळाळी.
तेव्हापासून बेस गप्प असतो,
आणि गोगलगाय एकही चढलेली नाही.

नट केला सूपच्या नळीच्या हाडाचा.
रोवेना दोन दिवस नखांची कानस शोधत होती.
मी काही बोलले नाही.

मग मान सोडवली.
चार स्क्रू, चौथा झिजलेला. वर रबरबँड ठेवून फिरवायचा,
हे वडिलांचं, ते ट्रॉलरच्या इंजिनात असत.
मानेखालच्या खाचेत
चार घड्यांचा कागद. पिवळा.
रॅफलचं तिकीट, दोनशे सतरा.
तारा फार उंच राहिल्या की मानेखाली काहीतरी सारतात,
कुणी सँडपेपर, कुणी व्हिजिटिंग कार्ड.
रेजच्या खिशात त्या वेळी हे होतं.

मी शहाणपणा केला.
तिकीट टाकलं कचऱ्यात, मेपलची चकती घासून बसवली,
मोजून, पट्टी लावून.
बाराव्या घरात तारा भुणभुणल्या.
पुन्हा घासली. पुन्हा भुणभुण.
रात्रीचा एक. सहाला फिश फिंगरच्या पट्ट्यावर उभं राहायचं.
कचऱ्याच्या पिशवीत हात घातला,
तिकिटावरची चहाची भुकटी झटकली,
त्याच घड्या, तीच बाजू वर.
बरोब्बर.

शनिवारी रेल्वे क्लब.
ॲम्प ग्लेनच्या मेहुण्याचा, एक चाक गेलेलं,
तिथं ग्लासाखालच्या चकत्यांची थप्पी.
आठ गाणी झाली, लोक बोलत राहिले,
म्हणजे ठीक चाललं होतं.
मग मांसाची रॅफल. थांबावं लागतं;
डुकराचा खांदा आमच्या आधी.
मीही घेतली एक पट्टी, हिरवी. नंबर निघाले,
माझ्या जवळपासचाही नाही.
दोन घड्या घालून ठेवली केसच्या खिशात, गोळ्यांशेजारी.
उन्हाळ्यात लाकूड पुन्हा हलेल.

पस्तीस पौंड मिळाले. त्यातले अकरा पेट्रोलचे.

सामान काढताना बारपाशी एक म्हातारा,
बेसकडे बघत: "रेजचा ना हा?
गुणगुणायचा आधी. दोन गाण्यांच्या मध्ये,
रेज ग्लास उचलायचा तेव्हा."
"दुरुस्त केलं मी ते," म्हणाले.
"असं होय," म्हणाला.
आणि ॲम्प बाहेर जाईपर्यंत
दार उघडं धरून उभा राहिला,
सगळी थंडी आत येऊ देत.