एकोणीस मिनिटं

हिर्लेकर सिस्टरांच्या मागे भिंतीवर जे घड्याळ दिसतं
ते अकरा बारावरून एकदम अकरा एकतीसवर जातं.
दोन लाख लोकांनी पाहिला तो व्हिडिओ,
एकानेही विचारलं नाही.
कापलं होतं मीच.

स्नेहलतागंजात पोह्यांच्या दुकानावर आमचा स्टुडिओ:
एक खोली, एक हिरवा पडदा, खिडकीला टेकवलेली जुनी गादी,
कारण खाली कढई आपटते
आणि 'भिया, सेंव जादा' थेट वर ऐकू येतं.
मुलांसाठी अंक, दहावीसाठी रसायन,
नव्या आईबापांसाठी सिस्टर.
गंगवाल शेठचं सांगणं एकच,
सहा सेकंदांत माणूस पळतो.
म्हणून कापायचं.

सोळानंतर सरळ अठरा म्हणणारी पर्णिका कापली.
तिला सतरा आवडत नाही असं ती म्हणाली,
तेही कापलं.
समीकरण जुळेना म्हणून फळ्याकडे तोंड करून
कितीतरी वेळ उभे राहिलेले उमाठे सर कापले,
त्यांनी बाहीनेच पुसलेला ऑक्सिजन कापला.
उरलंसुरलं दोन फोल्डरांत टाकत गेलो.
इंदूरचा माणूस मी, हाताला सवय:
रडणं ओल्या कचऱ्यात,
गप्प राहणं सुक्यात.

'ढेकर कसा काढावा' याच्यासाठी बाळ आणलं होतं
इस्त्रीवाल्या रामरतनच्या सुनेचं.
खांद्यावर पंचा, मानेला आधार,
आणि ते रडायला लागलं ते लागलंच.
व्हिडिओत मात्र रडतं,
आणि पापणी लवेपर्यंत झोपलेलं असतं.
पंचा टाकला की झालं, जणू.

आता रात्रीचे तीन.
बारसं व्हायचंय, तिला अजून नाव नाही.
रडायला नाव लागत नाही.
शर्वाणी टाके सांभाळत कुशीवर,
दहा दिवसांत पहिल्यांदा सलग झोपलेली.
मी सुदामानगरात तिसऱ्या मजल्यावर,
खांद्यावर पंचा, मानेला आधार,
दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये सिस्टर, आवाज बंद.
पंचा बरोबर आहे.
आधार बरोबर आहे.
अकरा बारा.
अकरा एकतीस.
मागे नेतो. पुन्हा तीच उडी.
मधे काय केलं होतं बाई तुम्ही?

एका हाताने लॅपटॉप उघडला.
ओला कचरा, मार्च, सापडली फाईल.

काहीच केलं नव्हतं त्यांनी.
म्हणजे चालत होत्या, पडद्यापासून दारापर्यंत,
चौकटीच्या बाहेर जायच्या, परत यायच्या.
चष्मा कपाळावर चढवलेला,
खांद्यावर लाळेचा कुठल्याशा देशाचा नकाशा.
आठव्या मिनिटाला माझा आवाज येतो: बंद करू?
असू दे रे, म्हणतात, चालू राहू दे.
तेराव्याला म्हणतात,
चौतीस वर्षं झाली, काही पोरांचं मला अजून कळत नाही.
मला नाही सांगत. बाळालाच सांगतात,
तक्रार केल्यासारखं.
मग खाली कुणीतरी जिरावन मागतं.
मग बाळ थांबतं.
कशाने, ते दिसत नाही. दोनदा पाहिलं.
ते थांबल्यावरही सिस्टर चालतच राहतात,
कुणी सांगितलंच नसल्यासारख्या.

गॅलरीपासून फ्रिजपर्यंत सात पावलं.
जाऊन येऊन चौदा.
पुन्हा वळताना पंधरा, सोळा,
अठरा.

सहाला गाडी येते आपलं गाणं वाजवत,
गल्लीत डबे, चपला, फाटकांच्या कड्या.
ही खांद्यावर जड झालीय, की माझाच हात बधिर,
कळत नाही, आणि वाकून बघायची छाती नाही.
खालून हाक येते तिसऱ्या मजल्याच्या नावाने.
मी खिडकीतून नुसती मान हलवतो:
आज राहू दे, भिया,
आज ओलं काही टाकायचं नाही.