सात

शुक्रवारी रात्री साडेनऊला सुई.
मांडीत. पोटावर घेत नाही,
तिथं हेमांगीच्या जन्माचा टाका अजून ओढतो.
फ्रिजमध्ये विरजणाच्या वाटीशेजारी इंटरफेरॉनचा डबा,
त्यावर तिनं चिकटवलंय: हात लावू नये.
कुणासाठी, कोण जाणे. दोघीच तर आहोत घरात.

शनिवारी ताप. तोंडात तांब्याच्या पैशाची चव.
लालबागच्या चिवडा गल्लीतून तळलेल्या कढीपत्त्याचा वास
तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो
आणि मी गोधडीत कुडकुडते, भर मे महिन्यात.

ती झाली तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं मला.
कुणाचं, विचारलं नाही. ही तपासणीच नव्हती तेव्हा.
त्या रक्तानं मी वाचले
आणि त्यातूनच सी आला,
वीस वर्षं यकृतात पोटभाडेकरू होऊन राहिला,
आवाज नाही, भाडं नाही.

"एक आहे तेवढा पुरे," डॉक्टर बिलिमोरिया म्हणाले,
"बीची लस घेऊन टाका, आंबेरकरबाई."
आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी.

लस म्हणजे काय ते मला सांगायला नको.
एकतीस वर्षं नायगावच्या शिधावाटप कार्यालयात काढली.
खोटं कार्ड एकदा हाताखालून गेलं
की त्याची फिकी शाई, सहीतला चुकीचा 'क'
डोक्यात बसायचा कायमचा.
पुन्हा आलं की खिडकीतूनच परत.
एवढंच करायचं होतं या रक्तानं:
चेहरा बघायचा, नोंद ठेवायची.

रिपोर्ट आला. सात.
दहा तरी हवे होते.
"पण इंटरफेरॉन पहारेकऱ्यांना उठवतं ना?" हेमांगीनं विचारलं.
"उठवतं. कदाचित सगळे एकाच दाराकडे धावलेत."
कदाचित, म्हणाले.
इतक्या वर्षांत डॉक्टरच्या तोंडून ऐकलेला
हा पहिला प्रामाणिक शब्द.

मग चौथी सुई, दुप्पट मात्रेची.
महिन्यानं पुन्हा परळला. धुरी शीर शोधत राहिला,
दोनदा टोचलं, दोनदा सॉरी म्हणाला,
केस गळून विरळ झालेल्या माझ्या भांगाकडे
न बघण्याची शिकस्त करत.

परतताना तावशीकर आठवले, आमच्या कचेरीतले.
सकाळभर बसून सातच कार्डं तपासायचे.
रांग पायऱ्यांवर जायची, साहेब खेकसायचे,
ते चष्मा पुसायचे.
त्या सातांत कधी चूक निघाली नाही.

रिपोर्ट गुरुवारी.
शुक्रवारी सुई आहेच.