चौकट

परवा अमावास्या. खाडी पार पलीकडच्या कांदळापर्यंत सुकली.
नववीची मुलं चिखलात उतरली,
चपला बंधाऱ्यावर ओळीने,
मी मात्र बुटांसकट फसलो.
मी माणदेशातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो नेमणुकीचं पत्र खिशात घेऊन.

नळाच्या पाइपची चौकट, अर्धा मीटर बाय अर्धा,
डोळे मिटून फेकायची असते.
मृण्मयी कुबल एक डोळा किलकिला ठेवते,
खुबे असतील तिथेच पडावी म्हणून.
"असं चालत नाही."
"पण सर, रिकामी चौकट कशाला मोजायची?"
याचं उत्तर मला येतं.
दिलं नाही.

खुबे दोन. शंख पाच.
खुबे शून्य, बिस्किटाचं वेष्टन एक.
खुबे शून्य, खेकडा एक,
तो मोजेपर्यंत थांबला नाही.

वहीत मीच आखलेला एक रकाना: 'पूर्वी'.
तो विचारायला आम्ही चंद्रावती तांडेलकडे गेलो.
कंबरेत वाकून ती चिखल चाचपत होती,
पाटीचा तळ अजून दिसत होता.
"एका सुकतीक दोन पाटये. पाय ठेवूक जागा नाय होती."
म्हणजे एका चौरस मीटरला किती, आजी?
ती हसली, दात नसलेलं.
"थोडां उरलां काय मगे मोजूक लागतत, पोरांनु."
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मुलांनी मला विचारलं नाही.

मग होडी. शिसं बांधलेली दोरी,
हातहातभर अंतरावर गाठी.
दोरी सोडायला सर्वेश गिरकर.
त्याच्या बापाची बोट रात्री वाळू काढते,
हे होडीतल्या सगळ्यांना ठाऊक,
मलाही.
चार, पाच, सहा.
सर्वेश मोठ्याने मोजत होता.
सातनंतर वल्हं थांबलं.
नऊनंतर कुणी कुणाकडे बघेना.
"बारा. दोरी संपली, सर."

आमच्याकडे दोरी पुरत नाही
तेव्हा विहिरीला तळ लागलेला असतो.
इथे दोरी पुरत नाही
आणि वर सगळं पाणीच पाणी.

मी वहीत लिहिलं: बारा.
सर्वेशने ओल्या हाताने पेन मागून घेतलं,
पुढे अधिकचं चिन्ह काढलं,
शाई थोडी फुटली.

तोवर भरती लागली होती.
बंधाऱ्यावरच्या चपला वाचवायला
सगळे एकदम ओरडत उठले,
होडी कलली,
आणि पोहता न येणारा मी एकटाच
वही डोक्यावर धरून बसलो.