एक, की दोन

एकोणीस महिने झाले तरी त्र्यंबक
बब, बबब, ग्ग, यापुढे जात नव्हता.
पंख्याकडे बोट करून एक लांब हुंकार द्यायचा,
त्यात सगळं सांगून झालं असं त्याला वाटायचं.
तक्त्यात या वयाला दहा तरी शब्द हवे होते.

मुहर्रकच्या दवाखान्यात बाईंनी
त्याला काचेच्या खोलीत बसवलं,
डावीकडून घंटी, उजवीकडून घंटी.
दोन्हीकडे वळला. कान उत्तम, म्हणाल्या.
मग चित्रांची कार्डं: बस, गाय, छत्री.
गाय त्यानं पाहिलेली नाही.
छत्री आमच्या घरातच नाही.
मांजर दाखवलं तेव्हा उठून दाराकडे चालायला लागला,
कारण मांजरं खाली असतात, कचरापेटीपाशी.
हे उत्तर धरायचं का, मी विचारलं.
बाईंनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, लगेच खोडलं.

घरात भाषा किती?
मी बोटं उघडत गेले.
मराठी. बाबा गोदीतून आणतात ती हिंदी.
दिवसभर त्याला सांभाळणाऱ्या उम्म घानिमची अरबी.
वॉचमनचं मल्याळम, टीव्हीतलं इंग्रजी.
मूठ पुरी उघडली, आणि पोराचं तोंड बंद.

सासूबाई म्हणाल्या, वेखंड उगाळून मधातून चाटव.
म्हणून थांबल्या नाहीत, पाठवलंच,
मुकादम भाऊजींच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीला चिकटून.
कस्टमवाल्यानं ते मूळ हुंगलं,
पुन्हा हुंगलं, शिंकला आणि जा म्हणाला.
चाटवलं. त्र्यंबक थुंकला.
त्या थुंकण्यातही मी व्यंजन शोधलं.

आमच्या हिंगोलीकडे आईला माय म्हणतात.
पुण्यात नांदायला आल्यावर मी आई म्हणायला शिकले,
त्यालाही तेच शिकवत होते, आरशासमोर,
तोंड उघडून आ, ओठ ताणून ई.
माय मागे ठेवली होती, फोनपुरती,
शुक्रवारी दुपारी, खोलीचं दार लोटून.

त्या संध्याकाळी लॅबमधून उशिरा आले,
उम्म घानिमचं दार वाजवलं,
आणि तिच्या मांडीवरून तो, स्वच्छ,
ओठ मिटून, मग उघडून:
माय.

टोमॅटो जिन्यावरून खाली गेले. जाऊ दिले.
उंबऱ्यातच गुडघे टेकले. पुन्हा म्हण.
माय! दोन्ही हात पुढे.
माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे,
चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या पेल्याकडे.

उम्म घानिम तिच्या मोडक्या हिंदीत हसत सुटली.
माय म्हणजे पाणी गं. पाणी मागतोय तारिक.
(त्र्यंबक तिच्या तोंडात मावत नाही.)
मी पाजलं. अर्धं त्याच्या सदऱ्यावर.
ती म्हणाली, माझा आजा मोती काढायचा.
समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे असायचे,
बुडी मारून तो कातडी पिशवी भरून आणायचा.
वर खारं, खाली गोड.
मला ते तेव्हा ऐकायचं नव्हतं.
मी टोमॅटो वेचायला गेले.

घरी येऊन फोन लावला.
काय म्हणलं गं लेकरू?
माय म्हणलं, मी सांगितलं.
पुढचं नाही सांगितलं.
तिकडे ती रडली. रडू दिलं.

आता रात्री एसीच्या घरघरीत
कधीतरी अंधारातून येतं, माय.
मी पेला घेऊन जाते.
तो दोन घोट घेतो, पेला ढकलतो,
माझा अंगठा धरून पुन्हा म्हणतो, माय,
आणि झोपतो.

मंगळवारी बाई विचारतील, शब्द किती?
एक, मी म्हणेन.
थांबा हं.