रकाना सात

तीस वर्षांच्या नोकरीत मी एकच प्रश्न नीट विचारायला शिकले:
घरी कसं बोलता?
आधी विचारायचे, मातृभाषा कोणती?
आणि समोरचा माणूस शाळा तपासायला साहेब आल्यासारखा
ताठ बसायचा.

जालन्यात, एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या मागं
गंजामचा बिपिन साहू असाच ताठ बसून म्हणाला, हिंदी.
मी लिहिलं, हिंदी.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो पत्र्याआड गेला
आणि ज्या भाषेत हसला
तिला माझ्या फॉर्मवर जागा नव्हती.
रकाना सात. एक ओळ. दीड इंच.
रेकॉर्डर चालूच राहिला होता.

माझं म्हणाल, तर मी देगलूरची.
आई कानडीत रागवायची,
बाबा मराठीत गप्प बसायचे,
हिशेब चुकला की कोमटी तेलुगूत मोजून दाखवायचा,
आणि भिंतीपलीकडून शाहजहाँखाला ओरडायच्या,
'नक्को गे, पोट्टी को कायकू मारती!'
यातली परकी भाषा कोणती
हे मला एम.ए.ला गेल्यावर कळलं.

मग पुण्यात मुलाखत.
पंख्याच्या आवाजात प्रश्न ऐकू आला नाही.
मी म्हणाले, 'सर, काय विचारूलालाव?'
तिघं हसले.
चौथ्यानं मान न उचलता ते वहीत टिपून घेतलं.
रात्रभर एसटीत, गेवराईपर्यंत, मला
त्या तिघांचं काही वाटलं नाही.
चौथ्याचा राग आला.

पुढं मीच चौथी झाले.
चौतीस शोधनिबंध, दोन प्रकल्प,
लाइपझिगच्या परिषदेत बारा मिनिटं.
पडद्यावर बिपिनचं हसू आलेख होऊन उभं:
मिश्रण अडतीस टक्के, आवाजाची पट्टी चढती.
टाळ्या पडल्या. 'समावेशन' या शब्दावर
मी घसा न खाकरता बोलू शकत होते आता.
जेवणाला माझ्या खुर्चीपुढं चिठ्ठी होती: शाकाहारी.
नाव नव्हतं.
मी तर मटण खाते.
पण तिथंही मी हसून पालक खाल्ला,
तो हिंदी म्हणाला होता तसा.

संमतीपत्राचा नियम नंतर आला.
विद्यापीठानं छापील नमुना दिला, खाली सहीची जागा.
माझ्याकडं सव्वादोन मिनिटं होती, सहीशिवायची.
एका रविवारी नांदेडहून जालना गाठलं,
पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधल्यासारखा
पर्सच्या आतल्या कप्प्यात.
गेटवरचा माणूस म्हणाला,
'कोन बिपिन? इथं समद्यायला बिहारीच म्हणतेत.'
ओडिशाचा होता हो, मी म्हणाले.
'तेच की,' तो म्हणाला,
आणि उन्हातली खुर्ची ओढून सावलीत दिली.
खुर्ची दिली हे मी कुठल्या निबंधात घालू
ते मला अजून सुचलेलं नाही.

परवा निरोपाचा नारळ, शाल वगैरे झालं.
त्यानंतर रुक्साना कोतवाल, माझी शेवटची विद्यार्थिनी,
नवी प्रश्नावली घेऊन आली, मोबाईलवरची.
रकाना सात आता कितीही लांब होतो म्हणे,
लिहाल तेवढा.
'मॅडम, पहिली चाचणी तुमच्यावर.
घरी कसं बोलता?'

घरी.
आईला जाऊन नऊ वर्षं.
शाहजहाँखालांचं घर पाडून तिथं मोबाईलचं दुकान.
मी ताठ बसले.
म्हणाले, मराठी.
तिनं लिहिलं, मराठी,
पण एकदम नाही. जरा थांबून माझ्याकडं पाहिलं,
चांगली पोरगी आहे, शिकेल.

हे तिला सांगायला हवं होतं
की दूध उतू गेलं की अजून
रिकाम्या स्वयंपाकघरात मी ओरडते,
'अय्यो, हालु उक्कितु!'
आणि गॅस बंद करायच्या आधी
क्षणभर थांबते,
आतून कुणी रागवतंय का ते ऐकायला.